एचबी कमी आलं, आता पुढे काय?

उपकेंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेतात, सिस्टर कार्डावर ८.६ लिहितात, गोळ्यांची पाकिटं देतात आणि पुढच्या बाईला हाक मारतात. घरी 'रक्त कमी निघालं' एवढंच कळतं. किती कमी, कशामुळे कमी आणि गोळी किती दिवस खायची, हे तीन प्रश्न राहूनच जातात. म्हणूनच दोन महिन्यांनी पुन्हा तेवढाच आकडा येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी आढळलं. म्हणजे कापूस वेचणीला निघालेल्या दहा जणींच्या टोळीत पाच-सहा जणी तशा असणार. सगळ्यांचंच कमी असतं, म्हणून ते चालायचंच असं वाटू लागतं. खरी अडचण इथून सुरू होते.

आकडा वाचायचा कसा

हिमोग्लोबिन, म्हणजे सगळे ज्याला एचबी म्हणतात ते, रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ. गरोदर नसलेल्या बाईचं एचबी १२ (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम) किंवा त्याहून जास्त हवं. ११ ते ११.९ आलं तर सौम्य, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र रक्तक्षय. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो म्हणून मोजमाप थोडं वेगळं आहे: ११ च्या खाली कमी, १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र.

'मला तर काहीच होत नाही' हे ऐकून निर्धास्त होऊ नका. एचबी हळूहळू उतरलं की शरीर जुळवून घेतं, हृदय जास्त वेगाने चालून भरपाई करतं. ८ वर असलेली बाई दिवसभर निंदण करते, पण पाण्याने भरलेला गुंड घेऊन चढ चढताना दोनदा थांबते, रात्री पायात गोळे येतात, केस गळतात, चिडचिड वाढते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग गुलाबी नसून फिकट दिसतो. आणखी एक खूण बायका सहसा सांगत नाहीत: भाजलेली माती, चुलीचं पोतेरं, पाटीवरची लेखणी, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. ही वाईट सवय म्हणून रागावण्याची गोष्ट नाही. लोह कमी पडल्याची ती बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे, आणि लोह भरून निघालं की ती ओढ बहुतेक वेळा आपोआप जाते.

तपासणी नीट झाली का, हे आधी पाहा

बोटाच्या टोकावरून केलेली तपासणी चांगली असते, पण ती बिघडायला फार काही लागत नाही. मधलं किंवा अनामिका बोट घ्यावं, टोकाच्या मधोमध न टोचता बाजूला टोचावं. स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यावं. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकावा आणि पुढचा घ्यावा. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं, तर रक्तासोबत पेशींमधलं पाणी उतरतं आणि एचबी खोटं कमी दिसतं. थंडीत हात गार असतील तर आधी चोळून किंवा कोमट पाण्यात धरून गरम करावेत.

काही ठिकाणी अजून साहलीची नळी वापरतात. तिच्यात आम्ल घेऊन त्यात २० मायक्रोलिटर रक्त सोडतात, १० मिनिटं थांबतात, मग थेंब थेंब पाणी घालत रंग जुळवतात. गर्दीच्या दिवशी ही दहा मिनिटं पाचवर येतात आणि आकडा खरा येत नाही. रंगही उजेडात जुळवावा लागतो, पावसाळी दुपारच्या अंधाऱ्या खोलीत तो फसवतो. डिजिटल यंत्र असेल तर पट्ट्यांची डबी लगेच बंद केली जाते का आणि पट्टीची तारीख उलटलेली नाही ना, एवढं पाहा. विचारायला लाजू नका.

मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना एचबी थोडं जास्त दिसू शकतं. त्यामुळे उन्हाळ्यातला ११.५ आणि पावसाळ्यातला १०.८ यांची तुलना करताना घाईने 'घटलं' म्हणू नये.

एचबी १० च्या खाली असेल, किंवा महिनाभर गोळी खाऊनही हललं नसेल, तर बोटाच्या तपासणीवर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंडातून रक्त घेऊन सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) करायला सांगा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. नमुना बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो, म्हणून रिपोर्ट कधी आणि कुणाकडून मिळेल हे तिथेच विचारून घ्या.

रक्त का कमी झालं?

रक्तक्षय हे कारण नव्हे, लक्षण आहे. सीबीसीच्या कागदावर एचबीच्या खाली एमसीव्ही नावाचा आकडा असतो. तो लाल पेशीचा आकार सांगतो. ८० ते १०० दरम्यान असेल तर आकार ठीक. ८० च्या खाली, म्हणजे पेशी लहान, तर बहुधा लोह कमी. १०० च्या वर, म्हणजे पेशी मोठ्या, तर बी-१२ किंवा फोलिक ॲसिड कमी असण्याची शक्यता. माळकरी घरात किंवा दूध-दही फारसं मिळत नाही अशा घरात बी-१२ कमी असणं काही नवलाचं नाही. हातापायाला मुंग्या येणं ही त्याची सोबतची खूण. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर एक पेशी लहान करतं, दुसरं मोठी, आणि सरासरी आकडा मध्येच ठीकठाक दिसतो. म्हणून एमसीव्ही ठीक म्हणजे सगळं ठीक असं धरू नये.

लोह कमी होण्याची दोन मुख्य कारणं: येतं कमी आणि जातं जास्त. बायकांमध्ये दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं आहे, पण त्याबद्दल बोलणं टळतं. पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणं म्हणजे जास्त रक्तस्राव, आणि तेवढ्या रक्तासोबत साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम लोह निघून जातं. घरी मिलिलिटर मोजता येत नाही, पण हे सांगता येतं: पॅड किंवा कापड दर एक-दोन तासांनी बदलावं लागतं का? रात्री उठून बदलावं लागतं का? सात दिवसांपेक्षा जास्त जातं का? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का? यातलं एक जरी 'हो' असेल, तर नुसती लोहाची गोळी म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. तांबी (कॉपर-टी) बसवल्यानंतर पाळी वाढली असेल तर तेही सांगा. 'गर्भपिशवीच काढून टाका' हा सल्ला गावात फार लवकर दिला जातो. आधी सोनोग्राफी, मग औषधं, आणि ऑपरेशनची वेळ आलीच तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत, हा क्रम सोडू नका. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र वाट पाहायची नाही, लगेच तपासायचं. मूळव्याधीचं रक्त आणि शौचातून येणारं काळं, डांबरासारखं रक्तही विसरू नका.

दुसरा चोर म्हणजे जंत. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे रोवणीच्या दिवसांत बाई अनवाणी चिखलात उभी असते. हुकवर्मची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पिते. चिखलात चप्पल टिकत नाही हे खरं, पण परसाकडे जाताना आणि बांधावर तरी घालावी. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी वर्षातून दोनदा, सहा महिन्यांच्या अंतराने. गरोदर असाल तर पहिले तीन महिने ती घ्यायची नाही. गडचिरोली आणि मेळघाटात हिवतापही रक्त कमी करतो. थंडी वाजून ताप येत असेल तर त्याची तपासणी वेगळी करून घ्या.

सिकलसेल: विदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही

बाकी महाराष्ट्रात एचबी कमी आलं की आधी लोहाचा विचार करतात, आणि ते बरोबरही आहे. विदर्भात त्याच दिवशी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: सिकलची, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आजाराची, तपासणी झाली आहे का? पूर्व विदर्भात, मेळघाटात आणि यवतमाळच्या काही भागात अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांमध्ये हा आनुवंशिक आजार आहे. एचबी कमी नसलं तरी तपासणी आयुष्यात एकदा व्हावी, शक्यतो लग्नाआधी.

पहिली चाचणी सोल्युबिलिटीची, बोटाच्या रक्तावर होते आणि थोड्या वेळात कळते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झाला असं नाही. वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) या दोघांतही ती पॉझिटिव्ह येते. फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचणीत कळतो, आणि ती केल्याशिवाय कुणाच्या कपाळावर शिक्का मारू नये. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर दुसऱ्याच्या रक्तामुळे निकाल चुकतो.

एएस बाईला एरवी काही होत नाही. तिचं एचबी ८ आलं तर सिकलला दोष देऊन थांबू नका, कारण दुसरं आहे आणि बहुधा ते लोहच आहे. तिला लोहाची गोळी चालते. एसएस बाईचं एचबी मात्र कायमच कमी, बऱ्याचदा ६ ते ९ असतं. तिच्या पेशी लवकर फुटतात, त्यातलं लोह अंगातच राहतं, शिवाय वारंवार रक्त चढवलं असेल तर ते साठत जातं. म्हणून तिने फेरिटिन (अंगात लोहाचा साठा किती ते सांगणारा घटक) तपासल्याशिवाय मनाने लोह सुरू करू नये. तिची रोजची गोळी फोलिक ॲसिडची, आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर सिकलचा त्रास कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया. दिवस राहायचा विचार असेल तर हायड्रॉक्सीयुरियाबद्दल आधीच बोलावं. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. सासरची माणसं दोष सुनेला देतात, पण एसएस मुलाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून आलेलं असतं.

लोहाची गोळी: खायची कशी

शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी आणि मोठ्या बायकांना आठवड्याला एक लाल गोळी मिळते. ही रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. एचबी आधीच कमी असेल तर आठवड्याची गोळी पुरत नाही, रोजचा डोस लागतो आणि तो एचबीचा आकडा पाहून ठरतो. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. दुकानातून घेतलीत तर पाकिटावर 'एलिमेंटल आयर्न' किती ते पाहा. मोठा आकडा क्षाराच्या वजनाचा असतो, कामाचं लोह त्यापेक्षा बरंच कमी असतं.

वेळ: रात्री जेवल्यावर तासा-दीड तासाने, झोपायच्या आधी. उपाशीपोटी लोह जास्त शोषलं जातं, पण मळमळ होऊन गोळीच सुटते, आणि सुटलेल्या गोळीपेक्षा थोडी कमी शोषली गेलेली बरी. सोबत पाणी किंवा लिंबूपाणी घ्यायचं. दूध नाही, चहा नाही. गरोदरपणात मिळणारी कॅल्शियमची गोळी लोहासोबत कधीच नाही: कॅल्शियम सकाळी-दुपारी जेवणासोबत, लोह रात्री, मध्ये किमान दोन तास. ॲसिडिटीच्या गोळ्याही लोह अडवतात, रोज चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

शौच काळी होते. घाबरू नका, न शोषलेल्या लोहाचा तो रंग आहे. जळजळ, मळमळ, बद्धकोष्ठता पहिल्या आठ-दहा दिवसांत जास्त असते. भरपूर पाणी प्या, भाकर आणि पालेभाजी खा. तरीही सहन झालं नाही तर गोळी गुपचूप कोनाड्यात न ठेवता सिस्टरला सांगा. एक दिवसाआड गोळी किंवा वेगळा क्षार देता येतो. आशाताई विचारतील म्हणून 'खाते' असं सांगणाऱ्या बायका सगळ्यांनाच माहीत आहेत. नुकसान त्यांचंच होतं, कारण एचबी न वाढल्याचं कारण मग भलतीकडेच शोधलं जातं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन खाऊ नयेत.

पाकीट फळीवर, लेकरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. लाल गोळी चॉकलेटसारखी दिसते आणि लहान मुलाने मूठभर खाल्ली तर जीवघेणी विषबाधा होते. तसं झालंच तर उलटी करवत बसू नका, पाकीट सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

गोळीने बाळ काळं होत नाही. बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अडतं, हेही खरं नाही. उलट रक्त कमी असलेल्या आईला वेळेआधी, कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका वाढतो.

महिन्याने एचबी पुन्हा पाहायचं. साधारण १ ग्रॅम वाढ अपेक्षित आहे. ती झाली नाही तर क्रमाने विचारा: गोळी रोज खाल्ली का, चहासोबत खाल्ली का, रक्तस्राव चालूच आहे का, सिकल किंवा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचा आणखी एक आनुवंशिक आजार) तपासला का. एचबी १२ झालं की गोळी सोडू नका, पुढे तीन महिने चालू ठेवा. आकडा आधी भरतो, शरीरातला साठा नंतर. तीन महिन्यांआधी गोळी सोडलेली बाई परत त्याच आकड्यावर येऊ शकते.

ताटात काय बदलायचं

आहाराने रक्तक्षय टळतो. पण ८ वर आलेलं एचबी नुसत्या खाण्याने १२ वर जात नाही, हे आधी मान्य करा. आयसीएमआरने २०२० मध्ये बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह सुचवलं आहे, आणि वनस्पतीतलं लोह शरीर फार थोडं घेतं. म्हणून काय खाल्लं याइतकंच कशासोबत खाल्लं ते महत्त्वाचं.

जेवणासोबत किंवा जेवणाआधी-नंतर तासभर चहा नको. सकाळी भाकरीबरोबर कोरा चहा ही सवय सगळ्यात महाग पडते. चहा सोडा असं कुणी म्हणत नाही, त्याची वेळ बदला. ज्वारीची भाकर, वरण आणि शेवग्याचा पाला, चिवळ, तरोटा, अंबाडी यांतली जी मिळेल ती भाजी, वर लिंबू पिळून. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह आत न्यायला मदत करतं, पण शिजवताना ते बरंच उडतं, म्हणून पिळायचं ते ताटात. हिवाळ्यात आवळा, संत्रं, पेरू, बोरं. भिजवून मोड आणलेली मटकी, मूग, हरभरा साध्या डाळीपेक्षा बरे, मोड आल्यावर लोह अडवणारे घटक कमी होतात. मटण, मासळी, अंडी खाणाऱ्यांनी आठवड्यातून जमेल तेव्हा खावं, प्राण्यांच्या मांसातलं लोह सहज घेतलं जातं. कलेजी चांगली, पण गरोदरपणात ती जास्त नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

बीट आणि डाळिंब लाल असतात, पण रंगाने रक्त वाढत नाही. गुळाबद्दल मतं फार उदार आहेत. थोडं लोह मिळतं, पण गुळाच्या खड्यावर विसंबून एचबी वाढत नाही. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवली तर थोडं लोह उतरतं, तेवढा फायदा आहे. खर्रा आणि तंबाखू भूक मारतात, म्हणजे ताटातली भाकर कमी होते. आणि हे जितकं पदार्थांचं तितकंच पंगतीचं आहे: घरातली बाई शेवटी बसते, तोवर वरण पातळ झालेलं असतं. तिचं ताट आधी वाढून बाजूला ठेवलं तर वेगळा खर्च न करता फरक पडतो. अंगणवाडीतला आहार गरोदर आणि स्तनदा मातेने स्वतः खायचा असतो. तो घरभर वाटला गेला की तिच्या वाट्याला फारसं उरत नाही.

'एक बाटली लावून द्या न जी'

साध्या सलाईनने रक्त वाढत नाही. त्यात मीठ किंवा साखरेचं पाणी असतं, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घातलं की ते पिवळं होतं, आणि तासभर तरतरी वाटते. एचबी जागच्या जागी राहतं. उलट फार कमी एचबी असलेल्या बाईला भराभर सलाईन दिली तर थकलेल्या हृदयावर भार येतो.

लोहाची शिरेतून द्यायची इंजेक्शनं वेगळी असतात: आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. गोळी सहन होत नाही, शोषली जात नाही किंवा बाळंतपण जवळ आलं आहे, तेव्हा ती देतात. किती द्यायचं त्याचा हिशोब वजन आणि एचबीवरून करतात. ४५ किलोच्या गरोदर बाईचं एचबी ७ असेल आणि ते ११ वर न्यायचं असेल, तर ४५ × ४ × २.४ (४ म्हणजे ११ वजा ७, २.४ हा ठरलेला गुणक) म्हणजे ४३२, त्यात साठ्यासाठी ५००, असं साधारण ९३० मिलिग्रॅम. सुक्रोजचा एक डोस बहुधा २०० मिलिग्रॅमचा असतो, तो एक दिवसाआड देतात. म्हणजे पाच खेपा. दुसऱ्या खेपेनंतर वेचणी आली म्हणून थांबलं, तर निम्मंही लोह गेलेलं नसतं. पहिल्या तीन महिन्यांत हे इंजेक्शन देत नाहीत. घरी किंवा झोळीवाल्या डॉक्टरकडे ते कधीच घेऊ नये. क्वचित तीव्र ॲलर्जी येते, ती सांभाळायला औषधं आणि नंतर अर्धा तास लक्ष ठेवणारं माणूस लागतं.

गरोदर असाल तर

चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, बाळंतपणापर्यंत किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्त कमी असेल तर बहुधा रोज दोन. बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, कारण तेव्हा सगळे बाळाकडे पाहत असतात. एचबी प्रत्येक भेटीत, निदान चार वेळा मोजलं पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर तपासतात, ती तारीख धरून ठेवा.

एचबी ७ च्या खाली असेल तर बाळंतपण उपकेंद्रात किंवा घरी करायचं नाही. बाळंतपणात निरोगी बाईचं जे रक्त सहज जातं, तेवढ्याने हिचा जीव जाऊ शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत असा आकडा आला तर रक्तपेढी किंवा रक्तसाठ्याची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच भरती व्हावं लागतं. ५ च्या खाली कुठल्याही महिन्यात भरतीच. गावापासून रक्तपेढी लांब असते, म्हणून रक्तगट आधीच कार्डावर लिहून घ्या आणि रक्त देऊ शकतील अशी दोन-तीन माणसं आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा.

लगेच निघायचं ते केव्हा

बसल्या जागी धाप लागते, छातीत धडधडतं किंवा दुखतं, उठताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला होतं, पायावर आणि तोंडावर सूज आली, पॅड तासाभरात भिजतंय: यातलं काहीही असेल तर उद्याची एसटी पाहत बसू नका, १०८ ला फोन करा. सिकलच्या एसएस बाईला ताप आला, छातीत किंवा हाडांत असह्य कळा आल्या, डोळे एकाएकी पिवळे झाले, पोटात डाव्या बाजूला फुगल्यासारखं झालं, तर तिलाही तसंच न्यायचं. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, सिकलचं कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. पाकीट रिकामं असलं तरी न्या, त्यावरून डोस कळतो.